पहिल्या उड्डाणाआधी: मॉडेल विमानाचा सीजी घरच्या टेबलावर कसा साधायचा

चवथीच्या आदल्या संध्याकाळी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायची लाकडी चौकट, बांधताना गोव्यात घरोघरी एकच ओरडा ऐकू येतो. एक जण स्टुलावर चढलेला असतो, दुसरा खालून मान वर करून सांगत असतो, "उजवीकडे कलली, उजवीकडे!" मग नारळाची पेंड (घड) वीतभर आत येते, तवशी (काकडी) पलीकडे जाते, सुपारीचं शिपटं बोटभर सरकतं आणि चौकट सरळ होते. उजवी बाजू जड झाली म्हणून डावीकडे कुणी दगड बांधत नाही. जे टांगलंय तेच सरकवायचं.

मॉडेल विमानाचा तोल असाच साधायचा असतो. माटोळी थोडी कललेली राहिली तरी गणपती रागावत नाही. विमानाचा तोल मागे राहिला तर मात्र हातातून सुटल्यावर दहा सेकंदांत सगळा खेळ आटोपतो. आठवडाभर कापलेलं, चिकटवलेलं, सजवलेलं विमान असं गेलं की नवशिका पुन्हा या छंदाकडे वळत नाही, हे मी बऱ्याच मुलांच्या बाबतीत बघितलंय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी भाची नववीत आहे. यंदा तिने पहिलं फोमबोर्डचं ट्रेनर विमान बांधलं. पंख वरच्या बाजूला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२०० मिमी, पंखाची रुंदी सगळीकडे सारखी २०० मिमी, सगळं धरून वजन ९०० ग्रॅम. पुढची सगळी उदाहरणं तिच्या विमानाचीच आहेत. तुमची मापं वेगळी असतील, पण रीत तीच.

सीजी पुढे का हवा

सीजी म्हणजे गुरुत्वमध्य, ज्या बिंदूवर टेकवलं तर विमान कुठेच न कलता स्थिर राहील तो. तो पंखाच्या पुढच्या भागात का लागतो, हे एकदा समजलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

बाण आठवा. टोकाला लोखंड, मागे पिसं. वाऱ्याने बाण थोडा वाकडा झाला की मागच्या पिसांवर वारा आपटतो आणि बाण पुन्हा सरळ होतो. वजन पुढे आहे म्हणून हे घडतं. विमानातही वाऱ्याच्या झोताने नाक वर उचललं की पंख आणि शेपूट दोन्हींची उचल वाढते. ही वाढीव उचल जिथे लागू होते ती जागा सीजीच्या मागे असेल, तर ती मागचा भाग वर ढकलते आणि नाक आपोआप खाली येतं. तीच जागा सीजीच्या पुढे पडली, तर नाक वर गेलं की आणखी वर जातं. मग तुम्ही हातातल्या रिमोटची (ट्रान्समीटरची) काठी ढकलता, ते खाली येतं, आणि खाली आलं की आणखी खाली. अनुभवी माणूससुद्धा असं विमान कसंबसं उतरवतो. नवशिक्याच्या हातून ते उतरत नाही.

नाक जड असलेलं विमान आळशी असतं. वळायला, वर चढायला कुरकुरतं, उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो, पण ते सांभाळता येतं. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर पहिल्या दिवशी नाक थोडं जड ठेवा. यात मला तिळमात्र शंका नाही.

आकडा कुठून आणायचा

प्लॅनवर किंवा किटच्या कागदावर सीजीची खूण असते. आकडा बहुधा पंखाच्या पुढच्या कडेपासून, धडाला लागून मोजलेला असतो. कशापासून मोजलाय ते मात्र वाचून घ्या. काही प्लॅनवर माप धडाच्या पुढच्या भिंतीपासून देतात आणि घाईत ते पंखाचं समजलं जातं.

आकडाच नसेल, तर सरळ आयताकृती पंखाच्या आणि नेहमीसारखी शेपूट असलेल्या विमानासाठी पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्के धरा. २०० मिमी रुंदीला ५० ते ६० मिमी. भाचीच्या विमानासाठी आम्ही २८ टक्के, म्हणजे ५६ मिमी ठरवलं.

पंख टोकाकडे निमुळता असेल, तर सरासरी रुंदी काढावी लागते. धडाजवळची रुंदी आणि टोकाची रुंदी यांची नुसती बेरीज करून निम्मी करू नका. आधी दोन्हींचा गुणाकार करा आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. जे येईल ते बेरजेतून वजा करा आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश घ्या. धडाजवळ २४० आणि टोकाला १६० असेल तर उत्तर साधारण २०३ मिमी येतं. ही रुंदी पंखावर जिथे पडते तिथे टक्के मोजायचे. पंख मागे झुकलेला असेल तर ती जागा धडापासून बरीच मागे सरकते. शेपूट नसलेल्या उडत्या पंखाला तर १५ ते २० टक्के एवढाच वाव असतो, म्हणून पहिलं विमान तसलं निवडू नका.

खूण आणि टेकू

पंखाच्या खालच्या बाजूला, धडाच्या दोन्हीकडे मास्किंग टेप लावा आणि पट्टीने तीन रेघा मारा: ५० मिमी, ५६ मिमी आणि ६० मिमी. पेन थेट फोमवर चालवू नका, खूण पुसत नाही आणि पुढच्या वेळी गोंधळ होतो. पट्टीचा शून्य पंखाच्या कडेला टेकवताना कड गोल असते, तिथे दोन-तीन मिमी सहज चुकतात. एक सरळ ठोकळा कडेला उभा धरा आणि ठोकळ्यापासून मोजा.

बऱ्याच जणांना विमान दोन बोटांवर उचलून बघायची सवय असते. बोटाचं टोक सेंटीमीटरभर रुंद असतं. त्यावर विमान पाच मिमी इकडे की तिकडे टेकलंय ते कळत नाही, आणि २०० मिमीच्या पंखावर पाच मिमी म्हणजे अडीच टक्के. पक्का अंदाज हवा असेल तर टेकू करा. लाकडाच्या जड फळीला दोन भोकं पाडा आणि त्यात मागे खोडरबर असलेल्या दोन पेन्सिली उभ्या चिकटवा. दोन्हींतलं अंतर धडाच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त ठेवा. खोडरबराचं टोक ब्लेडने थोडं गोल करा, म्हणजे पंख एकाच बिंदूवर टेकतो. चाकं टेबलाला लागत असतील तर फळीखाली वह्या रचा.

पंख वर असलेलं विमान सरळच ठेवायचं. पंख खाली असलेलं मात्र उलटं करून तोलायचं, नाहीतर बरंचसं वजन टेकूच्या वर राहतं आणि विमान कधी इकडे, कधी तिकडे कलंडतं. तेव्हा रेघा पंखाच्या वरच्या बाजूला मारा.

सगळं बसवल्याशिवाय तोलायचं नाही

तोलाच्या वेळी विमान उडायला निघाल्यासारखं पूर्ण असायला हवं. प्रोपेलर आणि त्याची टोपी, चाकं, सर्वो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी), पुशरॉड (सर्वोपासून झडपांपर्यंतच्या तारा), रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारी पेटी), झाकण, रबरबँड, सगळे स्टिकर. बॅटरी तिच्या जागी, पट्ट्याने बांधलेली, पण जोडलेली नाही. प्रोपेलर लावलेला असताना घरात बॅटरी जोडायची नाही, हा नियम मुलांना पहिल्या दिवसापासून लावा. पेट्रोल किंवा ग्लो इंजिनाचं विमान असेल तर टाकी रिकामी ठेवून तोला. टाकी बहुतेक सीजीच्या पुढे असते, इंधन संपत जाईल तसा तोल मागे सरकतो, आणि उतरायच्या वेळी टाकी जवळजवळ रिकामीच असते.

शेपटीकडच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवायला मी एका सकाळी शिकलो. विमान असंच, ९०० ग्रॅमचं. तोल व्यवस्थित साधला होता. मग रात्री वाटलं, शेपूट आकाशात ओळखू यायला हवी, म्हणून रडर (शेपटीची उभी झडप) आणि मागच्या पंखाला लाल रंगाचे दोन हात दिले, कडांना रुंद चिकटपट्टी लावली आणि पुन्हा न तोलता सकाळी सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, गेलो. हातातून सुटल्याबरोबर नाक वर गेलं. मी काठी ढकलली, ते खाली आलं, पुन्हा वर गेलं, वेग संपला आणि डावा पंख खाली पडून ते चिऱ्यावर आपटलं. घरी येऊन त्याच मापाचा पुठ्ठा तसाच रंगवला, तशीच पट्टी लावली आणि वजनकाट्यावर ठेवला. रंग आणि पट्टी मिळून १५ ग्रॅम. शेपूट सीजीपासून ६०० मिमी मागे. १५ गुणिले ६०० म्हणजे ९०००, त्याला ९०० ने भागलं की १० मिमी. सीजी मागे सरकला तो एवढा, पंखाच्या रुंदीच्या पाच टक्के. तेव्हापासून रंगकाम आधी आणि तोल शेवटी.

टेकूवर

पंखा बंद करा. छताचा पंखा चालू असेल तर शेपटीवर वारा लागतो आणि तासभर हात दुखवून काही हाती लागत नाही. खिडकीही लावा.

५६ च्या रेघेवर विमान टेकवा आणि हळूच हात सोडा. शेपूट खाली गेली, तर तोल मागे आहे. आता टेकू मागे सरकवत विमान नेमकं कुठे स्थिर होतं ते शोधा आणि मोजा. भाचीचं विमान ६८ मिमीवर स्थिर झालं, हवं होतं ५६ वर. बारा मिमी मागे, म्हणजे ३४ टक्के. असंच उडवलं असतं तर माझ्या लाल शेपटीची गत झाली असती.

तिने लगेच विचारलं, "मामा, नाकात शिसं घालूया?" मी म्हटलं, आधी हिशेब मांड.

हिशेब सोपा आहे. विमानाचं वजन गुणिले सरकवायचं अंतर: ९०० गुणिले १२, म्हणजे १०,८००. सीजीच्या पुढे २४० मिमीवर, मोटरजवळ, शिसं घालायचं झालं तर १०,८०० भागिले २४०, म्हणजे ४५ ग्रॅम. हे ४५ ग्रॅम फुकटचं ओझं. तेच काम बॅटरी करू शकते. बॅटरी १८० ग्रॅमची होती. १०,८०० भागिले १८० म्हणजे ६०. बॅटरी ६० मिमी पुढे सरकवली की एकही ग्रॅम न वाढवता तोल जागेवर. माटोळीची पेंड आत सरकवली तशीच.

प्रत्यक्षात बॅटरी ४० मिमीच पुढे गेली, त्यापुढे मोटरची भिंत आली. राहिले २० मिमी, गुणिले १८० म्हणजे ३६००, भागिले २४०: पंधरा ग्रॅम. ४५ च्या जागी १५ ग्रॅम शिशात काम झालं. विमान बांधताना बॅटरीच्या पेटीला पुढे-मागे दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवली असती तर तेही लागलं नसतं. तुम्ही अजून बांधत असाल तर ती जागा आत्ताच ठेवा. सर्वो धडात बसवायचे की शेपटीत, हाही प्रश्न तेव्हाच सोडवा. शेपटीत नऊ ग्रॅमचे दोन सर्वो बसवले की ते नाकातलं जवळपास अडीचपट वजन मागून घेतात.

सरकवायचा क्रम माझा असा: आधी बॅटरी, मग रिसीव्हर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी पेटी), आणि सगळ्यात शेवटी शिसं. नाक जड निघालं तरी क्रम तोच, फक्त दिशा उलटी. शेपटीत वजन घालायची वेळ आली तर थोडक्यात भागतं, पण त्याआधी बॅटरी मागे घ्यायचा प्रयत्न करा.

शिसं आपल्याकडे सहज मिळतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या मिळतात. टायरच्या दुकानात चाकाचा तोल साधायला लावतात त्या चिकटपट्टीच्या वजनांचे ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे असतात, ते मला जास्त आवडतात. मोजायला सोपे आणि हाताला शिसं लागत नाही. शिशाच्या गोळ्या हाताळल्या तर मुलांना साबणाने हात धुवायला लावा. वजन आधी टेपने बाहेरून लावून बघा, तोल जमला की मग आत पक्कं करा. पक्कं म्हणजे इपॉक्सीने. ग्लू गनचा गोंद एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत मऊ पडतो आणि वजन उड्डाणाच्या मधेच मागे घरंगळतं.

विमान टेकूवर आडवं किंवा नाक अगदी किंचित खाली, असं राहिलं की काम झालं. आडवं आहे की नाही ते डोळ्याने ठरवू नका. शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या आणि मागच्या कडेची टेबलापासूनची उंची पट्टीने मोजा.

आता डावा-उजवा तोल. प्रोपेलरच्या टोपीला एक दोरा आणि शेपटीच्या मधोमध दुसरा दोरा बांधून विमान टांगा. एक पंख सतत खाली जात असेल तर हलक्या पंखाच्या टोकाशी एखादं नाणं टेपने लावा आणि पुन्हा बघा. टोकाचं अंतर मोठं असल्यामुळे फार थोडं वजन पुरतं.

मैदानावर नेण्याआधी

बॅटरीच्या पेटीत, बॅटरीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला, मार्करने रेघ मारा. खाली व्हेल्क्रो आणि वरून पट्टा, दोन्ही हवेत. नुसत्या व्हेल्क्रोवर बॅटरी चढणीला मागे सरकते, आणि साधलेला तोल हवेतच बिघडतो. दुसरी, वेगळ्या वजनाची बॅटरी घेतलीत तर तिच्यासाठी नव्याने तोलून दुसरी रेघ मारा. तोल फक्त विमानाचा नसतो, त्या दिवशी त्यात बसवलेल्या सगळ्या सामानाचा असतो. भाचीने विचारलं होतं, मोठ्या विमानात काय करतात? तिथेही हेच. प्रत्येक उड्डाणाआधी माणसं, सामान आणि इंधन किती आणि कुठे, याचा हिशेब मांडून सीजी ठरलेल्या हद्दीत आहे का ते तपासतात, मगच विमान हलतं.

ट्रान्समीटरवर एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या पंखाच्या हलत्या झडपेची) हालचाल पहिल्या दिवसासाठी थोडी कमी ठेवा. एलिव्हेटर वर मागितला की मागची कड वर जाते ना, तेही एकदा बघा.

जागा निवडताना ड्रोन नियम २०२१ लक्षात ठेवा. मॉडेल विमानंही त्यात येतात आणि आकाश हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांत वाटलेलं आहे. गोवा लहान, त्यात दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा तळ आणि जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही सुरू. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून तुमचं मैदान कोणत्या पट्ट्यात पडतं ते आधी बघा.

वेळ सकाळची, समुद्रावरचा वारा सुटायच्या आत. पावसाळ्यानंतर, भातकापणी झालेल्या शेतात जमीन मऊ असते, पहिल्या उड्डाणाला ती सड्यापेक्षा कितीतरी बरी. शेतमालकाला विचारून घ्या, वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या भातपिकाची) तयारी चालू असेल तर दुसरं शेत शोधा.

मोटर न चालवता, गवतावरून, वाऱ्याच्या तोंडाशी, खांद्याच्या उंचीवरून विमान सरळ आणि किंचित खाली भालाफेकीसारखं सोडा. वर फेकू नका. सरळ रेषेत दहा-पंधरा पावलं तरंगत जाऊन टेकलं तर उत्तम. लगेच नाक खुपसलं तर नाक जड आहे किंवा तुम्ही फार हळू सोडलंत. पुन्हा एकदा जोराने सोडून बघा. नाक वर उचलून थबकलं आणि मग पडलं, तर तोल मागे आहे. बॅटरी पाच मिमी पुढे घ्या आणि पुन्हा सोडा.

उड्डाणात उंची घेतल्यावर मोटर कमी करून विमान तरंगू द्या आणि तेव्हा बघा. मोटरच्या जोरावर नाक वर जात असेल तर तो मोटरच्या कोनाचा प्रश्न असू शकतो, त्यासाठी शिसं घालू नका. मोटर कमी केल्यावरही विमान लाटेसारखं वर-खाली होत असेल आणि एलिव्हेटरच्या जराशा हालचालीने उसळत असेल, तर तोल मागे आहे. घाबरून वेग कमी करू नका, तिथेच ते कोसळतं. थोडा वेग ठेवा, काठी अगदी हलक्या हाताने वापरा, मोठं वळण घेऊन उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या. याउलट उतरताना काठी पूर्ण ओढूनही नाक वर येत नसेल, तर पुढच्या वेळी बॅटरी तीन-चार मिमी मागे. एका वेळी एवढंच.

काही उड्डाणांनंतर हात बसला की भरपूर उंचीवरून एक चाचणी घ्या. मोटर बंद करून विमान तिरकं खाली सोडा आणि काठी मोकळी करा. झपकन वर आलं तर सीजी पुढे आहे. सावकाश सरळ झालं तर जागेवर. आणखीच खाली वाकत गेलं तर मागे, लगेच काठी ओढा. ही चाचणी पहिल्या दिवशी करू नका.

भाचीचं विमान कापलेल्या शेतावरून उठलं तेव्हा तिने एलिव्हेटरची ट्रिम (काठी न हलवता झडपेची जागा किंचित बदलणारं बटण) दोनच टिचक्या वर घेतली. डोक्यावरून एक ब्राह्मणी घार घिरट्या घालत निघून गेली. उतरल्यावर भाचीने झाकण उघडून आत मार्करने लिहिलं: ५६ मिमी, १८० ग्रॅमची बॅटरी, शिसं १५, आणि तारीख. शेपूट दुरुस्त केली, नवा रंग दिला, किंवा बाल्साचं विमान पावसाळाभर दमट खोलीत राहून ओल धरून बसलं, तर तो आकडा खोडून विमान पुन्हा पेन्सिलींवर ठेवायचं.